मूळ पाप आणि माणसाची जबाबदारी: वाचन कुठून सुरू करू?

सांजवात: ख्रिस्ती शिकवण म्हणते, पहिला माणूस आदाम, त्याने देवाने मना केलेलं फळ खाल्लं आणि ते पाप जन्मतःच सगळ्यांना लागतं, हेच मूळ पाप. पण त्याचा डाग मला का? कर्मसिद्धांतात निदान मागच्या जन्मीचं का होईना, आपलंच आपण फेडतो. इथे कर्ज पूर्वजाचं आणि वर 'जबाबदार तूच'. पटेल असं काही वाचायला सुचवा. इंग्रजी चालेल, प्रवचन नको.

वसईचा_वारा: ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती संताचं आत्मकथन, 'कन्फेशन्स'. सगळं नको, फक्त दुसरा भाग. सोळाव्या वर्षी हा मित्रांबरोबर रात्री नासपती चोरतो. भूक नाही, फळंही बेताचीच, घरी याहून चांगली होती. बरीचशी डुकरांपुढे टाकली. आणि मग पानंच्या पानं स्वतःला विचारत बसतो, मी हे केलं कशासाठी? कैऱ्या आपणही पाडल्यात, पण इतकं खोदून कोण विचारतं!

तिरकस_तात्या: अर्धा सहमत. एकटा ऑगस्टीन वाचलात तर त्याचाच पक्ष, म्हणजे आदामाचं पाप वारशाने येतं हा, खरा वाटेल. समोर त्याच काळातला ख्रिस्ती शिक्षक पेलागियस होता, त्याला हा वारसा मान्य नव्हता. त्याचं म्हणणं, पाळणं शक्यच नसेल तर देव आज्ञा देईल कशाला? जवळपास तुमचाच प्रश्न. 418 साली उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या धर्मसभेने ती शिकवण नाकारली.
आणखी एक गंमत. बायबलमधल्या रोमकरांस पत्र 5:12 या वचनाच्या मूळ ग्रीकचा अर्थ बहुतेक अभ्यासक 'कारण सर्वांनी पाप केले' असा लावतात. ऑगस्टीनने लॅटिनवरून 'ज्याच्यात सर्वांनी पाप केले', म्हणजे आदामात, असा घेतला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत आदामाकडून मरण येतं, त्याचा अपराध नाही.

सांजवात: म्हणजे सगळा खटला एका शब्दावर?

तिरकस_तात्या: सगळा नाही हो. त्याच पत्राचा सातवा अध्याय मराठीतच वाचा, पाच मिनिटांचं काम. चांगलं करावंसं वाटतं ते होत नाही, नको ते हातून होतं. आपलं 'कळतं पण वळत नाही'.

वसईचा_वारा: हे मान्य. मग माणसाची इच्छा स्वतंत्र आहे का, यावरचा वाद: स्वातंत्र्याच्या बाजूने विद्वान इरॅस्मसचं पुस्तक (1524) आणि त्याला प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरचं उत्तर (1525), याच क्रमाने. इरॅस्मस सभ्य आहे, ल्यूथर पहिल्या पानापासून अंगावर येतो. त्याच्या मते माणसाची इच्छा म्हणजे ओझ्याचं जनावर. देव बसला तर देवाच्या वाटेने, सैतान बसला तर त्याच्या. स्वार निवडणं जनावराच्या हाती नाही.

सांजवात: नासपती संपवल्या. 'एकटा असतो तर केलं नसतं' असं तो म्हणतो, तिथेच अडकलोय. मग दोष मित्रांमध्ये वाटला जातो, की प्रत्येकाच्या वाट्याला अख्खा येतो?