लोककथेत कर्ता कोण, हे क्रियापदावरून ठरवावं का?

प्रश्न: लोककथांत स्त्री आणि पुरुष पात्रांच्या वाट्याला किती कृती येतात, ते मोजायचंय. क्रियापदाच्या रूपावरून लिंग लावलं तर आकडे विचित्र येतात. कुठे चुकतंय?

उत्तर १: रूपावर जाऊ नका. ‘राणीने दिवा लावला’ यात ‘लावला’ पुल्लिंगी आहे ते दिव्यामुळे, कर्ती राणीच. भूतकाळातलं सकर्मक क्रियापद आलं की ‘ने’ कोणाला लागलाय ते बघा. ‘राणीला पळवलं’ मात्र वेगळ्या रकान्यात टाका, तिथे ती सोसणारी आहे.

उत्तर २: कोणाच्या तोंडी किती वाक्यं, हेही मोजाच.

उत्तर ३: आवृत्तीचं साल हवंच! जर्मन लोककथा जमवून संपादित करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती सख्खी आई. १८१९ मध्ये तिची सावत्र आई झाली. हा बदल संपादकांचा. तो लोकमानसाच्या खात्यावर मांडू नका.