मदत हवी आहे : एटीव्हीच्या सस्पेन्शन आर्मचं वेल्डिंग

नमस्कार मंडळी, आमच्या कॉलेजची टीम बाहा एसएई इंडिया या कॉलेजांच्या स्पर्धेसाठी एटीव्ही, म्हणजे खडबडीत रस्त्यांवर चालणारी गाडी, बनवतेय. पुढचे डबल विशबोन आर्म (चाक गाडीला जोडणाऱ्या वरच्या-खालच्या दांड्या) स्वतःच बनवायचे आहेत. पाइप ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिश्रित पोलाद), बाहेरचा व्यास २५.४ मिमी, जाडी २ मिमी. वेल्डिंग टिगवर (टंगस्टन इलेक्ट्रोडचं वेल्डिंग).

खरी काळजी खालच्या आर्मची आहे. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा ब्रॅकेट त्याच्या मधोमध येतो, त्यामुळे उडीनंतर गाडी आदळली की पाइपवर वाकवणारा भार येणार. ब्रॅकेटखाली गसेट (मजबुतीची पट्टी) द्यावा, की शॉक चाकाकडच्या टोकाच्या सांध्याकडे, म्हणजे बॉल जॉइंटकडे, सरकवावा? सरकवला तर मोशन रेशो (चाकाच्या हालचालीच्या तुलनेत शॉक किती दबतो ते प्रमाण) बदलतो आणि स्प्रिंग नव्याने निवडावी लागते, म्हणून आधी विचारतोय.

दुसरं, ४१३० भरभर थंड झालं की वेल्डशेजारचा भाग कडक आणि ठिसूळ होतो. पाणी मारायचं नाही, वाऱ्यात ठेवायचं नाही, हे पक्कं. पण एवढ्या पातळ पाइपला आधी गरम करणं किंवा नंतर स्ट्रेस रिलीफ (पुन्हा तापवून आतला ताण काढणं) देणं गरजेचं आहे का? फिलर (वेल्डमध्ये वितळवून भरायची तार) ईआर ७०एस-२ चालेल ना?

जिगमधून (वेल्डिंगवेळी भाग पकडून ठेवणारा साचा) काढल्यावर, आर्म जिथे फिरतो तिथल्या बुशची भोकं एका रेषेत राहण्यासाठी टाके (भाग जागेवर धरणारे छोटे वेल्ड) कोणत्या क्रमाने मारता? ज्यांनी स्वतःच्या हातांनी आर्म बनवलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा, जिगचे फोटो असतील तर फारच उत्तम.