मागून आलेला तो आवाज: पोळल्यानंतर लांबच्या माणसावर विश्वास टाकताना

काल रात्रीपासून एकच व्हॉइस नोट अकरा वेळा ऐकून झालीये. चाळीस सेकंदांची आहे. तो नेहमीसारखं दिवसभराचं सांगतोय आणि अठ्ठाविसाव्या सेकंदाला मागून एका बाईचा आवाज येतो. दोन-तीनच शब्द, कळत नाहीत. मग दार लागल्याचा आवाज. तो बोलायचा थांबत नाही.

पाच वर्षांपूर्वी असाच एक आवाज ऐकला होता. तेव्हाच्या माणसाला विचारलं तर म्हणाला टीव्ही होता. मी मान्य केलं. पुढचे सात महिने टीव्हीच समजत राहिले. शेवटी त्या बाईनेच मला फोन केला. तिलाही माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं. दोघी फोनवर बराच वेळ नुसत्या गप्प होतो.

आत्ताच्याची ओळख होऊन आठ महिने झाले. तो दुसऱ्या देशात. प्रत्यक्ष दोनदा भेटलोय, एकदा चार दिवस, एकदा नऊ. शंका यावी असं तो एकदाही वागलेला नाही, हेही लिहायला हवं. विचारावं तर जुन्याचं बिल ह्याच्या नावावर फाडल्यासारखं वाटतं, आणि न विचारावं तर मी ही अशी रात्रभर हेडफोन लावून बसलेली.

एकदा पोळून परत लांबच्या माणसावर विश्वास टाकलेल्यांनी, किंवा मुद्दाम न टाकलेल्यांनी, प्लीज लिहा. कसं ठरवलंत?

उंबरठा
आधी एक घट्ट मिठी. अकरा वेळा ऐकणं म्हणजे काय ते मला माहितीये, मी 'लास्ट सीन'चे स्क्रीनशॉट काढून ठेवायचे. सविस्तर रात्री लिहिते, लेक उठली.

रात्रपाळी
ब्रेकमध्ये टंकतेय, चुका सांभाळून घ्या.

आमचं रोज माझ्या साडेदहाला बोलणं व्हायचं. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. साडेदहा वाजले, फोन नाही. पावणेअकरा, अकरा. मेसेजला एकच टिक. माझ्या आधीच्या नवऱ्याचं सगळं असंच सुरू झालं होतं, आधी दहा मिनिटं उशीर, मग तास, मग नाहीच. मी रडून घेतलं, तोंड धुतलं आणि सगळं संपवणारा लांबलचक मेसेज लिहिला. ११:२८ ला वाचून बघत होते, तेवढ्यात साडेअकराला ह्याचा फोन, एकदम खुशीत. त्यांच्याकडे त्या पहाटे घड्याळं एक तास मागे गेलेली! साडेतीन तासांचा फरक साडेचार झाला होता. त्याच्या घड्याळात रोजचेच सात वाजले होते. टिकही त्याचा फोन चार्जिंगला बंद होता म्हणून एकच.

तो मेसेज मी पाठवला नाही, पण त्याला वाचून दाखवला. आता वर्षातून दोनदा घड्याळ बदलायच्या आदल्या दिवशी तो आठवण करतो, "उद्या मी पळून जाणार नाहीये, फक्त एक तास सरकणार आहे." चला, बेल वाजली.

पहाटवारा
रात्रपाळी, अंगावर काटा आला. ११:२८!!

शिंपला
माझं वेगळं आहे आणि धागाकर्तीला दुखवायचं नाहीये, तरी लिहिते. मला ऐकू आलं ते खरंच होतं. विचारलं तर तो इतका भडकला की तीन दिवस बोलला नाही, आणि चौथ्या दिवशी सॉरी मी म्हटलं. असं एकदा नाही, तीनदा झालं. प्रश्न मी विचारायचा आणि शेवटी माफीही मीच मागायची. हे लक्षात यायला मला दीड वर्ष लागलं. त्यामुळे विचार तू नक्की, पण तो काय उत्तर देतो ह्यापेक्षा विचारल्यानंतर तुझं काय होतं तिकडे लक्ष ठेव.

सध्या मी एकटी आहे आणि खरंच बरी आहे.

उंबरठा
शिंपला 🙏 फोन बाजूला ठेवून बसले दोन मिनिटं.

अर्धविराम
पुरुष प्रतिसाद चालेल ना? माझी फसवणूकच झाली होती. पाच महिने रोज बोलणं, कॅमेरा कायम बिघडलेला, मग आईचं ऑपरेशन, मग पैसे. दिले. नंतर कुणीतरी सांगितलं म्हणून तिचा फोटो इमेज सर्चमध्ये टाकला, तर तो भलत्याच बाईचा, तिसऱ्याच नावाने, चार ठिकाणी. पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं की रोज रात्री मी ज्या चेहऱ्याला दिवसभराचं सांगत होतो त्या बाईला मी कोण हेच माहीत नव्हतं.

नंतर दोन वर्षं कुणाशी बोललो नाही. आता जी आहे तिला पहिल्याच आठवड्यात सगळं सांगितलं आणि म्हटलं, राग मानू नकोस, व्हिडिओवर जरा मान वळवून चेहऱ्यासमोरून हात फिरवशील का? हल्ली खोटे चेहरेही लावता येतात, हात आडवा आला की बऱ्याचदा ते फिसकटतात म्हणे. तिने केलं, आणि म्हणाली, "आता तू." मला ह्याचाच इतका आनंद झाला. माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे तिलाही ठरवायचं आहे, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पहाटवारा
"आता तू" 👏👏

जुनी पेटी
मुलांनो, तुमच्याकडे निदान आवाज तरी आहे. आमच्या वेळी पत्रं.

माझं आधीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, कारण कधीच कळलं नाही. मग हे आले. बोटीवर नोकरी. लग्नाआधी चौदा महिने आमचं फक्त पत्रांवर चाललं. बोट बंदराला लागली की साठलेली टपाल एकदम मिळायची आणि तिकडूनही एकदमच सुटायची, त्यामुळे मला एकाच दिवशी तीन पत्रं यायची, तीही उलटसुलट. एकात लिहिलेलं, 'मागच्या पत्रातलं मनावर घेऊ नकोस.' आणि ते मागचं पत्र अजून यायचंच असायचं! मी आठ दिवस जेवले नव्हते. तेव्हा ह्यांनी पाकिटावर कोपऱ्यात नंबर घालायला सुरुवात केली. मग मीही. निदान कुठलं यायचं राहिलंय ते कळायचं. सगळी आली, एक २७ नंबरचं सोडून.

रात्रपाळी
मावशी!!! अजून लिहा ना. पत्रं आहेत का अजून?

जुनी पेटी
आहेत गं, पेटीत. नंतर लिहिते, डोळ्यांत थेंब घातलेत.

उंबरठा
मावशी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? माझ्या सासूबाईंचं पुढच्या महिन्यात आहे, किती दिवस वाकायचं नाही?

कंदील
मी समुपदेशनाचं काम करते, पण इथे स्वतःपुरतं लिहिते. २०१३ मध्ये जियांग आणि हॅनकॉक ह्यांनी ६३ जोडप्यांना आठवडाभर रोजच्या बोलण्याची नोंद ठेवायला सांगितलं होतं. लांब राहणाऱ्यांचं बोलणं कमी वेळा व्हायचं, पण ते मन जास्त उघडं करायचे, आणि जोडीदाराला मनात जरा जास्तच चांगलं रंगवायचे. हे दुसरं मी स्वतःवर तपासून पाहिलं आणि घाबरले. स्टॅफर्ड आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या अभ्यासात लांबची जी जोडपी एका गावात राहायला आली, त्यांतली जवळपास एक तृतीयांश तीन महिन्यांच्या आत तुटली होती.

म्हणून आम्ही तिसऱ्या भेटीत फिरायला जायचं नाही असं ठरवलं. तीन आठवडे मी त्याच्या घरी राहिले, तो कामावर जायचा, मी माझं काम तिथूनच करायचे. तो दमून आल्यावर कसा असतो, फोन कुठे ठेवतो, घरच्यांशी कुठल्या आवाजात बोलतो. सहाव्या दिवशी आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि त्याने दार न आपटता मला सांगितलं, "मी खाली चक्कर मारून वीस मिनिटांत येतो." आला. मी घड्याळ बघत होते, अठरा मिनिटांत आला. माझा विश्वास त्या अठरा मिनिटांत बसला, आधीच्या वर्षभराच्या बोलण्याने नाही.

जुन्या जखमेची भीती आणि आत्ता समोर दिसणारी खूण, दोन्ही पोटात एकाच जागी टोचतात. मी कागदावर दोन बाजू करून लिहायचे, 'ह्याने केलं' आणि 'त्याने केलं होतं'. पहिली बाजू बरेचदा रिकामी राहायची.

पहाटवारा
कंदील, हे दोन बाजूंचं आजच करणार. माझी पहिली बाजू रिकामी नसेल अशी भीती आहे.

शिंपला
पहाटवारा, बोलावंसं वाटलं तर मेसेज कर, कधीही.

(धागाकर्ती)
सगळ्यांना उत्तर द्यायचंय, पण आधी हे. विचारलं.

काही सेकंद तो बोललाच नाही. मग म्हणाला, "अकरा वेळा ऐकलीस? आणि मला एकदाही उठवलं नाहीस?" शेजारच्या बाई किल्ली परत द्यायला आल्या होत्या म्हणाला. पुरावा काही नाही, मी मागितलाही नाही. थोडं लागलं असं त्याने स्वच्छ सांगितलं, पण भडकला नाही. शिंपला, तू लिहिलंस ते डोक्यात होतं. मी सॉरी म्हणायला लागले तर त्याने मध्येच थांबवलं, म्हणाला, "पुढच्या वेळी पहिल्यांदा ऐकशील तेव्हाच विचार."

पोटात अजून थोडं आहे. ती नोट डिलीट करणार होते, नाही केली. कंदील, पुढच्या भेटीत मीही फिरायला जाणार नाहीये, त्याला सांगितलं. तो म्हणाला, घर आवरायला लागेल.

रात्रपाळी
😭❤️

अर्धविराम
बरं वाटलं वाचून. आणि मावशी, त्या २७ नंबरचं काय झालं शेवटी?

जुनी पेटी
उंबरठा, मला पंधरा दिवस सांगितलंय, पण सासूबाईंच्या डॉक्टरांनाच विचार.

२७ नाही आलं ते नाहीच आलं. लग्नानंतर ह्यांना विचारलं, काय लिहिलं होतंत त्यात? म्हणाले, आठवत नाही, २८ वाच, त्यात सगळं परत आलं असेल. नाही आलेलं. मी चारदा वाचलंय. पेटीत २६ आणि २८ च्या मध्ये एक कोरं पाकीट घालून ठेवलंय.