पीनट बटर बार: तळ तेलकट होतोय, वरचा थर उन्हात बसत नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत जमवायचंय

बोरीकाठची (अमळनेर)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबण लावून विचारतेय, कारण मागचं सांगितल्याशिवाय मला नेमकी कोणती चव हवी आहे ते कळणार नाही.

१९९४ ते १९९६ आम्ही अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी होतो. नाना, म्हणजे माझे वडील, भुईमुगाच्या कामासाठी तिथल्या विद्यापीठाच्या केंद्रावर गेले होते. मी नऊ वर्षांची, धाकटी पाच. गावाबाहेर पडलं की दोन्ही अंगांना कापूस आणि भुईमूग, त्यामुळे आई तिथे लवकर रुळली. माती काळी नाही, रेताड आहे, एवढाच फरक, असं ती म्हणायची.

शाळेत दुपारचं जेवण मिळायचं, कप्प्याकप्प्यांच्या ताटात. ज्या दिवशी पीनट बटर बार असायचा त्या दिवशी वास सकाळपासूनच वर्गात यायचा. चौकोनी तुकडा, खाली ओट्सचा मऊ, जरा चिवट थर, त्यावर पीनट बटरचा हात फिरवलेला, त्यावर चॉकलेट. तोंडात घातला की आधी मीठ लागायचं, मग भाजलेला दाणा, आणि गोड सगळ्यात शेवटी. आम्ही मांस खात नव्हतो, तो कप्पा तसाच परत जायचा. वाढणाऱ्या एका बाईंनी हे दोन-तीन दिवस पाहिलं. तेव्हापासून बार असला की त्या माझ्या ताटात दोन तुकडे ठेवायच्या. बोलायच्या काहीच नाहीत, ओठावर बोट ठेवायच्या आणि पुढच्या मुलाकडे वळायच्या. मी दुसरा तुकडा कागदी रुमालात गुंडाळून परतीच्या बसमध्ये धाकटीला द्यायचे.

नाना आता नाहीत. धाकटी यंदा पाच वर्षांनी आखाजीला माहेरी येतेय आणि इथल्या सखाराम महाराजांच्या रथोत्सवापर्यंत राहणार आहे. तिला टिफ्टनचं घर आठवत नाही, शाळा आठवत नाही. फोनवर म्हणाली, "बसमध्ये तू मला काहीतरी द्यायचीस, त्याला कागद चिकटलेला असायचा." तेवढंच तिच्याजवळ उरलंय. म्हणून हा बार मला तिला करून द्यायचाय.

आता अडचण. अर्धा किलो दाणे भाजून मिक्सरवर घरीच पीनट बटर केलं. २० सेंटिमीटरच्या चौकोनी डब्यासाठी माप असं घेतलं: मैदा ९५ ग्रॅम, ओट्स ७०, बटर ८५, पीनट बटर ९५, साखर ७५, ब्राऊन शुगर ७५, एक अंडं, पाव चमचा सोडा, पाव चमचा मीठ. ओटीजीत (छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) १८० अंशांवर २५ मिनिटं. तळाला तेल सुटलं, कापताना कडा भुगा झाल्या, आणि वर लावलेलं पीनट बटर दुसऱ्या दिवशीही ओघळत होतं. कृतीत लिहिलंय, "बटर खोलीच्या तापमानाला असावं." आमच्या खोलीचं तापमान सध्या ४० च्या वर आहे, बटर ताटलीत पाण्यासारखं पसरतं. शिवाय आई माळकरी आहे, तिला अंडं चालत नाही. तिनेही खावं अशी माझी फार इच्छा आहे.

कुठे चुकतंय, सांगाल का?

भट्टीवाला_धुळे

ताई, माप बरोबर आहे. घोटाळा तेलाचा आहे. दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं. बाजारातल्या मऊ पीनट बटरमध्ये थोडं हायड्रोजनेटेड तेल मिसळलेलं असतं, ते थंड झालं की घट्ट बसतं आणि दाण्याचं तेल धरून ठेवतं. अमेरिकेतल्या बहुतेक कृती तसलंच पीनट बटर धरून लिहिलेल्या असतात. तुमच्या घरच्या बरणीत तेलाला धरणारं काहीच नाही, ते ओव्हनच्या उष्णतेने सुटून खाली उतरतं.

दोन गोष्टी करा. वाटलेलं पीनट बटर बरणीत भरून रात्रभर हलवू नका. सकाळी वर तेलाचा थर येईल, तो ओतून काढा आणि खालचं घट्ट तेवढं वापरा. काढलेलं तेल खिचडीवर घ्यायला कामी येईल, वाया जाणार नाही. आणि बटर ८५ चं ७० ग्रॅमवर आणा. बटर फ्रीजमधून काढल्यावर दहाच मिनिटं बाहेर ठेवा. बोट दाबलं की खूण उठली पाहिजे, बोट आत शिरता कामा नये. साखरेबरोबर फेटताना पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवा. खारं बटर असेल तर तळात वेगळं मीठ घालू नका.

२५ मिनिटं जास्त होतात. ओटीजी आधी १५ मिनिटं पूर्ण तापवा, मग १८ मिनिटांनी बघा. कडा तांबूस आणि मधला भाग अजून कच्चा वाटतो, तेव्हाच बाहेर काढायचं. गरम डब्यात तो आपोआप शिजतो. मधला भाग ओव्हनमध्येच कोरडा झाला की भुगाच होणार. कापायच्या आधी दोन तास फ्रीजमध्ये. माझ्याकडे नानकटाईचे डबे घेऊन येणाऱ्या बायाही गरम असतानाच उचलायची घाई करतात आणि तुकडे पडतात.

चोपड्याची काकू

वाचून जीव कसा भरून आला, बेटा. त्या बाईंना देव कुठे असतील तिथे सुखी ठेवो.

मला बार येत नाही, पण दाणा येतो. तू दाणे कसे भाजलेस ते लिहिलं नाहीस, आणि तुझी चव तिथेच आहे. मोठ्या आचेवर भाजले तर वरून डाग पडतात, आतून पांढरे राहतात, आणि वाटल्यावर कच्चट वास येतो. जाड लोखंडी कढई घे, मंद आच, २० ते २५ मिनिटं, हात थांबवायचा नाही. एक दाणा फोडून बघ, आतला रंग साईच्या दुधासारखा पिवळसर-तांबूस आला पाहिजे. गार झाले की गोणपाटावर चोळून सुपात पाखड. आतला कोंब निघेल तेवढा काढ, तो कडवट असतो. भाजायच्या आधी निवडायला बस. सुरकुतलेला, काळा पडलेला, बुरशीचा दाणा फेकून दे. बुरशीचं विष भाजून जात नाही. आणि एक खवट दाणा आख्खी बरणी बिघडवतो.

मिक्सरमध्ये आधी कूट होतो, मग त्याचा गोळा होऊन पात्याला चिकटतो. इथे बहुतेक जणी थांबतात. थांबू नको. खरवडून पुन्हा फिरव, मधेमधे भांडं गार होऊ दे. मग तो सैल होतो आणि चकाकतो. कूट थोडा जाड राहिला तर तुझा बार खाताना रेतीसारखा लागेल. घाई नको करू वं माय.

सावदा_ते_अटलांटा

मी जॉर्जियातच राहतो. ताई, तुमच्या शाळेतल्या बारमागे सरकारी हातही आहे. शाळेच्या जेवणाचा राष्ट्रीय कायदा इथे १९४६ साली झाला. शेतकऱ्यांकडून सरकार जास्तीचा माल विकत घ्यायचं आणि शाळांच्या स्वयंपाकघरांना द्यायचं. त्यात पीनट बटरही यायचं. ते संपवायचं म्हणून स्वयंपाकघरातल्या बायांनी मोठ्या पत्र्यांवर हे बार करायला घेतले. म्हणूनच त्यात दाण्याचा हात सढळ आणि चॉकलेट बेताचं. हल्ली दाण्याच्या ॲलर्जीमुळे इथल्या पुष्कळ शाळांत पीनट बटर बंद आहे. माझ्या मुलाने तो बार शाळेत कधी पाहिलेला नाही.

एक खूण सांगतो. इथलं बहुतेक पीनट बटर रनर जातीच्या दाण्याचं. आपल्याकडचा लालसर सालीचा छोटा दाणा स्पॅनिश प्रकारचा, तो तेलाला थोडा जास्त. जळगावच्या संशोधन केंद्रातून निघालेला जेएल-२४ याच प्रकारातला, जेएल म्हणजे जळगाव. तुमच्या नानांना हे सगळं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. तेव्हा तेल काढून टाकण्याचा धुळ्याच्या भाऊंचा सल्ला तुमच्या दाण्याला तर हवाच.

बोरीकाठची (अमळनेर)

भाऊ, जेएल-२४ वाचलं आणि नानांच्या टेबलावरची कापडी पिशवी डोळ्यासमोर आली. आतली चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलेली असायची. तुम्ही हे लिहिलंत, फार बरं वाटलं.

काकू, तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी मोठ्या आचेवरच भाजले होते, दहा मिनिटांत उरकले होते. उद्या पुन्हा करते. अंड्याचं काय करू?

जवसाची_चटणी (पाचोरा)

जवस! घरात असणारच. एक मोठा चमचा जवस कोरडे दळून तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा, चिकट लापशी होते. एका अंड्याच्या जागी एवढंच. आमच्याकडे सासूबाई उपवास सोडून बाकी सगळ्या दिवशी माझे बिस्कुटं खातात, ती अशीच केलेली असतात. चव थोडी दाण्याकडेच झुकते, दुधाची किंवा दह्याची आंबूस झाक राहत नाही.

वरच्या थरासाठी: १२० ग्रॅम पीनट बटरमध्ये दोन मोठे चमचे पिठीसाखर आणि एक चमचा दूधपावडर मळा. घट्ट होतं, ओघळत नाही. तळ कोमट असतानाच लावा.

भट्टीवाला_धुळे

जवस चालेल. फक्त दोन मिनिटं जास्त ठेवा, ओल जास्त राहते. आणि चॉकलेटचा थर बटर घालून करू नका, या उन्हात तो बसणार नाही. साधं डार्क कंपाउंड (कोको बटरऐवजी वनस्पती तेलाचं चॉकलेट) वितळवून पातळ हाताने पसरवा, फ्रीजमध्ये पंधरा मिनिटांत लागतं.

बोरीकाठची (अमळनेर)

मंडळी, उशिरा लिहितेय, घर भरलेलं होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे साडेचारला उठून केलं, तेव्हाच काय ते जरा गार असतं. दाणे त्याच्या आदल्या संध्याकाळीच मंद आचेवर चोवीस मिनिटं भाजले. आई शेजारी पाटावर बसून पाखडत होती. वाटलेल्या बरणीवर सकाळपर्यंत बोटभर तेल आलं होतं, ते वाटीत काढलं. बटर ७०, जवसाची लापशी, ओटीजीत २० मिनिटं. मधला भाग थरथरत होता, मला धीर होत नव्हता, तरी काढलं. तळाला या वेळी तेलाचा टिपूसही नव्हता. चॉकलेटवर फ्रीजमधून काढल्या काढल्या दव जमलं आणि पांढरे ओघळ उठले, ते जमलं नाही. चवीला काही फरक नव्हता.

नुसतं पीनट बटर चाखलं तेव्हा मात्र काहीतरी कमी लागलं. थर लावून झाल्यावर, चॉकलेटच्या आधी, मी चिमूटभर जाडं मीठ त्यावर हाताने भुरभुरवलं. सुटलेला कोपरा तोंडात टाकला आणि तो क्रम बरोबर आला: मीठ, दाणा, मग गोड. मी ओट्यापाशीच खाली बसले.

दुसऱ्या दिवशी घागर भरून झाली, आंब्याचा रस आणि पुरणपोळीचं जेवण झालं. संध्याकाळी झोक्यावर धाकटीच्या हातात कागदी रुमालात गुंडाळलेला तुकडा दिला. काही सांगितलं नाही. दिवसभराच्या उन्हाने कागद खालून चिकटलाच होता. तिने उलगडला, तुकडा बाजूला धरला आणि आधी कागदाला लागलेलं दातांनी खरवडून खाल्लं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बसमधली खिडकीकडची जागा तू मला द्यायचीस."

हे मला स्वतःला आठवत नव्हतं.

आईने अर्धा तुकडा खाल्ला, उरलेला अर्धा नानांच्या फोटोपुढे ठेवला. तिचं म्हणणं, मीठ अजून एक चिमूट हवं. रथाच्या दिवशी पुन्हा करतेय, तेव्हा तसं करून बघते. काकू, वाटीतलं तेल खिचडीवर घेतलं, त्याला तुम्ही सांगितलेल्या भाजणीचा वास होता.