विषय: मुलाची बेसबॉल कार्डं बेसमेंटमधून हलवायचीत, कशी ठेवावीत?

प्रेषक: काकू, एडिसन

नमस्कार मंडळी,

पाडव्याच्या कार्यक्रमाच्या मेल चालल्यात त्यात मध्येच घुसतेय, माफ करा. आम्ही जूनमध्ये इथलं (एडिसन, न्यू जर्सी) घर विकून काँडोत जातोय आणि बेसमेंट आवरताना मुलाची बेसबॉल कार्डं (खेळाडूंचे फोटो असलेली, मुलं जमवतात ती) निघाली. चार मोठी खोकी, दोन बाइंडर आणि एक बुटांचा डबा. १९८९ ते १९९६ मधली असणार कारण पुढे तो कॉलेजला गेला. आता तो सिएटलला असतो, फोन केला की म्हणतो "आई टाकू नकोस, मी बघतो", पण हे मी बघतो वीस वर्षं चाललंय. आता नातीला आठवं लागलंय आणि तिलाही बेसबॉलचं वेड आहे, त्यामुळे मला हे सगळं तिच्या हातात नीट पोचवायचंय.

बाइंडरची पानं चिकट झालीत, उलटताना कर्रकर्र आवाज येतो आणि नव्या शॉवर कर्टनसारखा वास येतो. बुटांच्या डब्यातली कार्डं रबरबँडने बांधलीत. मी सगळं एका मोठ्या प्लास्टिकच्या टबमध्ये भरून, शालूंच्या कपाटात टाकते तशा डांबराच्या गोळ्या टाकून घट्ट झाकण लावणार होते, पण हे म्हणाले आधी लिस्टवर विचार. तर विचारतेय.

---

प्रेषक: पार्सिपनीहून

काकू, थांबा, डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत! त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात, चिकट होतात, आणि कार्डांना धरलेला वास वर्षानुवर्षं जात नाही. कसर लागेल अशी भीती असेल तर कसरीला दमट हवा लागते, हवा कोरडी ठेवली की ती फारशी फिरकत नाही.

मी स्वतः १९८८ पासून जमवतोय, तुमच्या मुलाच्याच वयाचा असणार, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आज पहिलं काम ते बाइंडर. तो शॉवर कर्टनचा वास म्हणजे पीव्हीसी. त्या काळी मऊ पानं बरीचशी पीव्हीसीची असायची, ते मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट रसायन घालतात ते हळूहळू बाहेर पाझरतं आणि कार्डाच्या शाईवर चढतं. कार्ड वरून ओढू नका, ब्लेडने पानाचा खण बाजूच्या शिवणीवर कापा (कार्डाच्या बाजूने नाही हं), प्लास्टिक उलगडा आणि मग कार्ड उचला. वेळ लागेल पण घाई करू नका. नवीन पानं घेताना पॉलिप्रॉपिलीन लिहिलेली घ्या, पीव्हीसी-फ्री, अ‍ॅसिड-फ्री. आणि बाइंडर इंग्रजी डी अक्षरासारख्या कड्यांचा घ्या, गोल कड्यांचा नको, कारण गोल कड्यांवर पानं चढून बसतात आणि आतल्या बाजूच्या कार्डांना वळ पडतो. तुमच्या मुलाच्या बाइंडरमध्ये डावीकडच्या ओळीतली कार्डं बघा, दिसेल.

रबरबँड कापूनच काढा, सरकवू नका. जुनं रबर सुकून कार्डाला चिकटतं. लहानपणी डोंबिवलीला बिग फनच्या बबलगममधली क्रिकेटची कार्डं मी बिस्किटाच्या डब्यात रबर लावून ठेवायचो, एका पावसाळ्यात रबर विरघळून सगळ्यांत वरच्या कार्डावरच्या बॅट्समनच्या तोंडावर बसलं. ते कार्ड अजून आहे माझ्याकडे.

आता मुख्य गोष्ट, काकू. चार खोक्यांतल्या प्रत्येक कार्डावर पैसे घालू नका. १९८७ ते साधारण १९९३ पर्यंत कंपन्यांनी इतकी कार्डं छापली की त्यातल्या बहुतेकांना आज टॉपलोडरच्या (एकेक कार्ड ठेवायच्या कडक प्लास्टिकच्या पाकिटाच्या) किमतीचीही किंमत नाही. ती कार्डांसाठी मिळणाऱ्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत उभी रचली तरी पुरे. फक्त खोकं अर्धवट भरू नका, कार्डं कलंडतात आणि कायमची वाकतात, रिकामी जागा बबल रॅपने भरा. आणि एकावर एक चळत लावू नका, पाच हजार कार्डांचं खोकं वीस पौंडांच्या आसपास भरतं, खालचं दबतं.

पण काही वेगळी काढा (अपर डेक, बोमन, एसपी ही कार्डांच्या सेटची, म्हणजे मालिकांची, नावं). १९८९ च्या अपर डेकमधला केन ग्रिफी ज्युनिअर, सेटमधलं एक नंबरचं कार्ड. १९९२ च्या बोमनमधला मारियानो रिव्हेरा. आणि मुलगा यांकीज संघाचा चाहता असेल तर १९९३ च्या एसपी सेटमध्ये २७९ नंबर शोधा, डेरेक जीटर. ते चकचकीत फॉइलचं आहे, नुसत्या बोटाने चरे उमटतात आणि कडांचा रंग उडतो, म्हणून चांगल्या अवस्थेतलं फार कमी मिळतं. अशी कार्डं आधी पातळ मऊ स्लीव्हमध्ये, मग कडक टॉपलोडरमध्ये. स्लीव्हशिवाय थेट टॉपलोडरमध्ये कधीच नाही, आत-बाहेर करताना घासतं. साध्या कार्डाला ३५ पॉइंटचा पुरतो, पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. चार कोपऱ्यांना स्क्रू असलेले जुने जाड होल्डर सापडले तर ते लगेच उघडा, स्क्रू आवळून कार्ड चपटं होतं आणि मग ग्रेडिंगवाले (कार्डाची अवस्था तपासून दर्जा ठरवणारे) ते घेत नाहीत.

आणि काहीही पुसू नका. ओल्या फडक्याने तर नाहीच.

---

प्रेषक: मॅनव्हिलजवळून

काकू, दादाने सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त टबबद्दल लिहिते कारण ते आमच्यावर बेतलंय. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळ आलं त्या रात्री (नेवार्कला एका दिवसात आठ इंचांहून जास्त पाऊस झाला होता) आमच्या बेसमेंटमध्ये पाणी इतक्या झटकन चढलं की आम्ही मुलांना घेऊन वर आलो आणि बाकी काही सुचलंच नाही. यांची कार्डं झाकणवाल्या टबमध्ये होती, आम्हाला वाटलं ती तरी वाचतील. पण टब हलका असला की पाण्यावर तरंगतो, तरंगला की कलंडतो, आणि झाकण उघडतं. टॉपलोडरचं तोंड उघडंच असतं, त्यात पाणी भरलं. ग्रेडिंग केलेली, प्लास्टिकच्या कडक वड्यांत बंद केलेली होती त्यांच्यातही पाणी गेलं, त्या वड्या वॉटरप्रूफ नसतात हे आम्हाला तेव्हा कळलं.

भिजलेली कार्डं लगेच एकेक सुटी करून टिपकागदात ठेवली, त्यातली साधी होती ती बरीच वाचली, चकचकीत होती ती सुकता सुकता एकमेकांना विटेसारखी चिकटली. हे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. सगळ्यांना सांगते, बेसमेंटमध्ये फळीवर, टबात, कशातच नको, राहत्या मजल्यावर आणा.

---

प्रेषक: काकू, एडिसन

वाचून पोटात गोळा आला गं. आजच सगळं वर आणलं, गेस्टरूममध्ये ठेवलंय. ह्यांचं म्हणणं एक फायरप्रूफ तिजोरी घेऊ, म्हणजे आगीपासूनही सोय. की बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू? आणि गेस्टरूमच्या खिडकीत दुपारचं ऊन येतं ते चालेल का?

---

प्रेषक: पार्सिपनीहून

काकू, खिडकीजवळ नको, उन्हाने रंग उडतो आणि शाईची सही तर सगळ्यात आधी फिकी होते. आतल्या भिंतीचं क्लोझेट उत्तम, बाहेरच्या भिंतीचं नको. वर माळ्यावर पण नको, जुलैत तिथे भट्टी असते.

तिजोरीबद्दल नीट विचार करा. आगीपासून वाचवणाऱ्या तिजोरीच्या भिंतीत जे भरलेलं असतं त्यातच पाणी धरलेलं असतं, त्यामुळे बंद तिजोरीत हवा दमट होते. आणि कागदासाठीच्या तिजोरीची हमी आतलं तापमान ३५० फॅरेनहाइटच्या खाली ठेवण्याची असते. कागद तग धरेल पण आपले स्लीव्ह त्याच्या आधीच वितळतील. घेतलीच तर आत सिलिका जेल ठेवा आणि ते महिन्या-दोन महिन्यांनी वाळवा, एकदा भरलं की ते नुसतं वजन आहे. बँकेचं लॉकर दोन-चार भारी कार्डांना ठीक, पण बँक बुडाली तर ठेवींना जो सरकारी विमा असतो तो लॉकरमधल्या वस्तूंना नसतो, आणि घराच्या पॉलिसीतही अशा संग्रहाला बहुतेक वेळा मर्यादा असते, एजंटला स्पष्ट विचारून लेखी घ्या.

तिजोरीच्या पैशांत मी म्हणेन एक साधा आर्द्रता मोजायचा काटा घ्या, तो फार महाग नसतो, आणि क्लोझेटमध्ये ठेवा. ४५ ते ५० टक्के असलं की छान. फॉइल आणि क्रोमची कार्डं ह्या बाबतीत फार नाजूक, एक बाजू धातूसारखी आणि एक कागदाची, कागद दमट हवेत फुगतो आणि थंडीत हीटर लागला की आक्रसतो, म्हणून ती धनुष्यासारखी वाकतात. वर्षातून दोनदा, समजा पाडव्याला आणि दसऱ्याला, खोकी उघडून बघा. मी इतकी वर्षं जमवतोय त्यात माझी जी कार्डं गेली ती बंद करून विसरलो म्हणून गेली.

आणि यादी करा. फोटो, सेट, नंबर, कुठल्या खोक्यात. एक प्रत मुलाकडे.

---

प्रेषक: काकू, एडिसन

मंडळी, तीन रविवार गेले पण झालं. मुलगा व्हिडिओवर बसला होता, मी एकेक कार्ड कॅमेऱ्यासमोर धरत होते आणि तो नंबर टाइप करत होता, नात मध्येच "आजी ते परत दाखव" करत होती. ग्रिफी सापडला नाही, तो म्हणाला सातवीत असताना कुणाशी तरी बदलला होता. १९९१ च्या स्टेडियम क्लब सेटचा एक अख्खा गठ्ठा चिकटून गेलाय, तो तसाच ठेवलाय. चार पाकिटं न फोडलेली आहेत, नातीला फोडायची होती, पण आत गम आहे (टॉप्स कंपनीने १९९२ पासून कार्डांच्या पाकिटातला गम बंद केला असं मुलगा म्हणाला) आणि त्याचा तेलकट डाग शेजारच्या कार्डावर पडलेला असणारच, म्हणून बंदच ठेवली.

आणि जीटर आहे! बाइंडरच्या मधल्या खणात होता. मी ब्लेडने पान कापत होते तेव्हा मुलगा तिकडे श्वास रोखून बसला होता. वरची कड दोन ठिकाणी पांढरी झालीय, पण पुढून स्वच्छ आहे. शाळेत असताना बर्फ काढून मिळालेल्या पैशांतून त्याने ते पाकीट घेतलं होतं हे मला माहीतच नव्हतं.

काटा ५२ दाखवतोय. ३५ पॉइंटचे टॉपलोडर कुणाकडे जास्तीचे असतील तर पाडव्याच्या कार्यक्रमाला घेऊन या, मला चाळीसेक लागतील, पैसे तिथेच देते.