विषय: ब्रिटनमधल्या रस्त्यांवर सायकलला घासून जाणाऱ्या गाड्या, दीड मीटर आणि पोलिस

नमस्कार मंडळी,

गेल्या मंगळवारी कामावरून सायकलने परतत होते. तीस मैलांची मर्यादा असलेला रस्ता, समोरून गाड्यांची रीघ, आणि त्यातच मागच्या व्हॅनला पुढे निघायचं होतं. तिचा आरसा माझ्या कोपराजवळून सुसाट गेला. मी पडले नाही, पण पुढच्या बसथांब्यापाशी उतरले तेव्हा पाय थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी पोलिस स्टेशनात गेले. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने विचारलं, "कुठे लागलं का?" नाही म्हटल्यावर, "मग गुन्हा काय झाला?" मी गप्प परत आले. रात्री बसून नियम वाचले आणि मग गप्प बसल्याचा फार राग आला. म्हणून हा मेल.

२९ जानेवारी २०२२ पासून हायवे कोडच्या (इथल्या रहदारीच्या नियमांच्या पुस्तकाच्या) १६३व्या नियमात आकडाच दिलेला आहे. ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाने सायकलला ओव्हरटेक करताना किमान १.५ मीटर अंतर ठेवायचं, वेग जास्त असेल तर आणखी. हा नियम 'मस्ट'चा (कायद्याने सक्तीचा) नाही, 'शुड'चा (सल्ल्याचा) आहे. म्हणजे दीड मीटर मोडणं हा स्वतंत्र गुन्हा नाही, आणि बहुधा इथेच सगळ्यांचा घोळ होतो. पण १९८८च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टच्या कलम ३८ प्रमाणे कोड पाळला नाही ही गोष्ट कोर्टात चालकाविरुद्ध मांडता येते. त्याच कायद्याच्या कलम ३ खाली निष्काळजीपणे गाडी चालवणं हा गुन्हा आहे, आणि त्यासाठी कुणाला लागलेलं असावं लागत नाही. १०० पाउंड दंड आणि लायसनवर ३ पॉइंट, नाहीतर सुरक्षित ड्रायव्हिंगचा कोर्स. प्रकरण गंभीर असेल तर कोर्ट.

सगळ्यात महत्त्वाचं: कारवाई होणार असल्याची नोटीस गाडीच्या नोंदणीकृत मालकाला १४ दिवसांच्या आत मिळावी लागते. पोलिसांना नंबरावरून मालक शोधून पत्र पाठवायचं असतं, तेव्हा तक्रार एक-दोन दिवसांतच करा. माझ्या हँडलवर कॅमेरा होता. क्लिप कापली नाही, फेसबुकवर टाकली नाही, पोलिसांच्या वेबसाइटवरून जशीच्या तशी पाठवली. गरज पडल्यास कोर्टात साक्ष द्यायची तयारी आहे, असंही लिहून दिलं.

*

ताई, तुम्ही सुखरूप आहात हे वाचून जिवात जीव आला.

तरी मनातलं विचारतो. मी तीस वर्षं इथे गाडी चालवतोय. दीड मीटर सोडायला रस्ता तर हवा! गावाबाहेर सायकलवाले दोघं-दोघं शेजारी चालवतात आणि मागे दहा गाड्या अडकतात. त्यांना पोलिस काही म्हणतात का? लायसन नाही, विमा नाही. वाद घालायचा नाही, पण हे प्रश्न आमच्यासारख्या पुष्कळांच्या मनात आहेत.

*

काका, बरं झालं उघड विचारलंत.

आधी हिशोब मांडते. वर्दळीच्या रस्त्यावर कडेपासून किमान अर्धा मीटर अंतर ठेवा, असं कोडचा ७२वा नियम मला सांगतो. त्यात हँडलची रुंदी साधारण ०.६ मीटर, मग तुमचा दीड मीटर, मग आरशांसकट गाडी धरा २ मीटर. झाले ४.६. लेन असते तीन ते साडेतीन मीटरची, क्वचित थोडी जास्त. म्हणजे मी एकटी असले तरी नीट पुढे जायला तुम्हाला पलीकडच्या लेनमध्ये जावंच लागणार. मग आम्ही दोघी शेजारी असलो तर तुमचं काय जास्त जातं? उलट रांग अर्धी होते, तुम्ही लवकर पुढे जाता. ६६वा नियम म्हणूनच जोडीने चालवू देतो. मात्र मागच्यांना सुरक्षित जागा मिळाली की जाऊ द्या, असंही तोच सांगतो, आणि तेवढं आम्ही पाळलंच पाहिजे. मधली पांढरी रेघ सलग असली तरी, सायकल ताशी १० मैल किंवा त्याहून कमी वेगाने जात असेल आणि समोरचा रस्ता मोकळा असेल, तर ती ओलांडता येते. हे मलाही आत्ताच कळलं.

पोलिस आम्हालाही धरतात. सिग्नल तोडला तर ५० पाउंड दंड आहे आणि तो असावाच.

पण सगळीकडचे पोलिस त्या काउंटरवरच्यासारखे नाहीत. वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी २०१६ मध्ये साध्या वेशातले पोलिसच सायकलवर बसवले. कुणी घासून गेलं की पुढे उभ्या सहकाऱ्याला वायरलेसवर कळवायचं, तो गाडी थांबवणार. बहुतेकांना तिथेच जमिनीवर पसरलेल्या चटईवर दीड मीटर म्हणजे किती ते दाखवलं जायचं, हयगय फारच असेल तर खटला. पोलिस स्वतः सायकलवर बसले, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. आरशाचा तो वारा अंगावर घेतलेला माणूस "लागलं का?" असं विचारून थांबणार नाही.

*

ताई, काका, माझाही एक अनुभव.

माझा चौदा वर्षांचा मुलगा शाळेच्या वाटेवरच्या मोठ्या चौकात फुटपाथवरून सायकल नेतो, हळू, माणूस दिसला की उतरून. त्याला एका अधिकाऱ्याने सगळ्यांसमोर झापलं. पोरगं रडत घरी आलं.

१८३५च्या हायवे अ‍ॅक्टप्रमाणे फुटपाथवर सायकल चालवणं गुन्हा आहे, हे मान्य. पण या गुन्ह्यासाठी जागच्या जागी दंड सुरू झाला तेव्हा, १९९९ मध्ये, गृहखात्याचे मंत्री पॉल बोटेंग यांनी पोलिसांना लिहून कळवलं होतं: रहदारीच्या भीतीने फुटपाथवर येणारे आणि चालणाऱ्यांची काळजी घेणारे लोक हे या दंडाचं लक्ष्य नाहीत, तारतम्य वापरा. त्यात मुलांचा खास उल्लेख होता, आणि २०१४ मध्ये सरकारने हेच पुन्हा सांगितलं. त्या अधिकाऱ्याला ते कुणीतरी वाचून दाखवावं. माझा मुलगा रस्त्यावरून का जात नाही, तर ताईंना घासून गेली तसल्या व्हॅनमुळे!

*

मंडळी, पोलिसांचं उत्तर आलं. व्हॅनच्या मालकाला नोटीस गेली आहे. मुदत संपायला तीन दिवस उरले होते.

*

ताई, फार चांगलं झालं.

तुमचा ४.६चा हिशोब मी रविवारी आमच्या गल्लीत टेप धरून मोजला. परवा एका सायकलवालीच्या मागे पूर्ण वळण संपेपर्यंत थांबलो. मागच्याने दोनदा हॉर्न दिला. थांबलोच.