कोकणात ५ दिवस राहायला जातोय, नाशिकहून काय नेऊ?

गोदाकाठची: दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं दापोलीला ह्यांच्या मित्राकडे राहणार आहोत. हॉटेलचं नाव काढलं तर दादा-वहिनी रागावतात, म्हणून रिकाम्या हाताने जायचं नाहीये. घरात आजीही आहेत. मागच्या वेळी काचेचा डिनरसेट नेला होता, तो अजून खोक्यासकट माळ्यावर आहे 🙈 द्राक्षं न्यावी का?

पंचवटीकर: दिवाळीत कुठली द्राक्षं ताई, खरा सीझन जानेवारी ते मार्च-एप्रिल. त्यापेक्षा बेदाणे न्या, हिरवे लांबट १ किलो आणि आजींसाठी काळ्या मनुका वेगळ्या, रात्री भिजवून सकाळी खातात. आणि काजू नेऊ नका हां, कोकणात काजू नेणारे पाहिलेत मी 😂

चिवडाप्रेमी: नाशिकचा चिवडा हवाच! पण तिकडची हवा दमट, पिशवी फोडली की दोन दिवसांत मऊ, त्यामुळे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून द्या आणि डबा परत मागू नका, तोच गिफ्ट. दिवाळीत त्यांच्याकडेही चिवडा असणारच, पण आपल्याकडच्या झणझणीतची सर नाही.

सिडकोवाली: भांडी बाजारातून पितळी डबा किंवा तांब्याचा तांब्या घ्या, पण नाव घालून नको, मग देवाणघेवाण अवघड होते. खरं सांगू, एक दिवस वहिनींना किचनमधून बाहेर काढा आणि तुम्ही मिसळ करा, मसाला इथूनच न्या.

गोदाकाठची: मिसळ फायनल! मनुका आजच आणते, डबा ह्यांच्या मापाने नको, ते बादलीच आणतील.